एका इमारतीचा एकच नकाशा

मासवणला एका पोल्ट्रीच्या शेडचा पाया तपासत उभा होतो. तेवढ्यात वीरजीभाई ठेकेदारांचा मुकादम मोटारसायकलवरून आला आणि गाडी बंद न करताच म्हणाला, "साब, वो हरेश्वर साब सुबह ऑफ हो गए." ऑफ हो गए... आमच्या बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात माणसं मरत नाहीत, ऑफ होतात. ऐकलेलं नीट कळलं होतं, तरी मी विचारलं, कोण हरेश्वर? तो म्हणाला, "वही, कम्प्यूटरवाले." माझा मित्र, उभा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात घालवलेला इंजिनियर, आणि त्याची ओळख एवढीच उरली होती. मी मजुरांना घरी जायला सांगितलं आणि स्कूटर माहीमच्या रस्त्याला लावली.

माहीमच्या स्मशानात तालुक्यातले झाडून सगळे इंजिनियर, आर्किटेक्ट, ठेकेदार आले होते. पांढरे सदरे घालून एका बाजूला घोळका करून उभे होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं, मनोर रस्त्यालगतच्या एका प्लॉटबद्दल बोलणं चाललं होतं. हरेश्वरच्या चितेला अग्नी दिला तेव्हा आमच्या संघटनेचे अध्यक्ष, स्वतः मोठे आर्किटेक्ट, कुणाला तरी त्या प्लॉटचा कोपरा हवेत बोटाने आखून दाखवत होते. मी तोंड फिरवलं. धुरामुळे असेल असं समजून एकाने मला पाण्याची बाटली दिली. मी ती घेतली नाही. महिना उलटून गेला त्याला, पण ते बोट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. या पुरवणीच्या संपादकांनी 'आठवणी लिहा' म्हटलं तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, गोड काही येणार नाही.

हरेश्वर आणि मी डिप्लोमाला एका बाकावर होतो. तो माहीमचा, घरी पानवेलीची वाडी. मी पालघरचा. आम्ही शिकून बाहेर पडलो तेव्हा तारापूरची औद्योगिक वसाहत वाढत होती आणि शेड उभ्या करायला माणसं पुरत नव्हती. ज्याला पट्टी सरळ धरता येई तो इंजिनियर आणि ज्याच्याकडे मिक्सर तो बिल्डर. मी इमारतींच्या सांगाड्याची, म्हणजे कॉलम-बीमची गणितं करायला लागलो, हरेश्वर नकाशे काढायला लागला. त्याचा हात इतका स्वच्छ होता की त्याच्या ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडल्याची खूण कधी सापडायची नाही. अमोनियाच्या वासाने भरलेल्या प्रिंटच्या दुकानात त्याचा नकाशा मशीनमधून बाहेर आला की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो दाखवायचा. मी त्याला म्हणायचो, तू नकाशा काढतोस की लग्नाची पत्रिका? तो हसायचा. त्याला मनापासून हसता यायचं, हे इथे लिहून ठेवतो, कारण नंतरच्या वर्षांत ते फारसं कुणी पाहिलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक इमारतीचे दोन नकाशे असतात. हे मी छापील लिहितोय आणि वाचून कुणालाही धक्का बसणार नाही, याचीच मला जास्त किळस येते. एक पास करायचा आणि एक बांधायचा. पास करायच्या नकाशात मोकळी गॅलरी असते, बांधायच्या नकाशात तिथे खोली असते. पासच्या नकाशात जिना ऐसपैस असतो, बांधायच्या नकाशात त्याच्या पोटात दुकान निघतं. आणि हे दोन झाले ते कागदोपत्री. बाकी आर्किटेक्टकडे एक प्रिंट, माझ्यासारख्याकडे एक, प्लंबरकडे भिजून सुकलेली एक, वायरमनच्या डिकीत चौघडी घातलेली एक. त्या प्रत्येकीवर ज्याने त्याने आपल्या पेनाने केलेले बदल. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. मग साइटवर ज्याचा आवाज मोठा त्याचा नकाशा खरा ठरायचा. भिंत बांधायची, पाइप आला म्हणून फोडायची, परत लिंपायची, आणि वरून रंग लावला की मालकाला पेढे. या सगळ्याला आमच्याकडे अनुभव म्हणतात.

हरेश्वरला हे सहन व्हायचं नाही. तो मस्कतला नोकरीला गेला आणि काही वर्षांनी, नव्वदीच्या सुरुवातीला, खोक्यांमधून एक कॉम्प्युटर घेऊन परत आला. तिकडच्या ऑफिसात त्याने पाहिलं होतं की इमारतीचा सांगाडा, नळ, वायरी, दारं-खिडक्या, सगळं एकाच नकाशात घालतात. कुणाचं काय कुणाच्या आड येतंय ते पडद्यावर दिसतं. जी काही भांडणं असतील ती तिथेच मिटवायची आणि मग जमिनीला हात लावायचा. माहीमच्या घरी ओटीवर बसून तो हे मला समजावत होता तेव्हा त्याचे म्हातारे वडील शेजारी पानांच्या जुड्या बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे घर बांदायच्या आदी एकदा घर बांदायचं?" हरेश्वर खूश होऊन म्हणाला, "हो, तसंच." "मंग पुना कशाला बांदायचं?" असं म्हणून ते पुन्हा जुड्यांकडे वळले. हरेश्वरच्या कामाचं एवढं अचूक वर्णन पुढे आमच्या संघटनेत एकालाही करता आलं नाही.

संघटनेला मात्र कॉम्प्युटर फार आवडला. अध्यक्ष म्हणाले, काळाबरोबर चाललं पाहिजे. मग सगळ्यांसाठी म्हणून एक सामायिक यंत्र घेतलं आणि ते अध्यक्षांच्याच ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये बसवलं. त्याची पूजा झाली. पडद्याला कुंकू लावलं, की-बोर्डावर फूल ठेवलं, फूल उचलताना पाकळ्या बटणांत अडकल्या. चपला बाहेर काढून आत जायचं. मखमलीचं आवरण शिवून घेतलं होतं. शुक्रवारी आमच्याकडे वीज नसे, त्या दिवशीही आवरणावरची धूळ झटकली जायची. हरेश्वरने आठवडाभर सगळ्यांना शिकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग आमच्या मंडळींनी त्या यंत्राचा जो उपयोग शोधून काढला तो जगात दुसरीकडे कुणाच्या डोक्यात आला असेल असं मला वाटत नाही. आधीसारखाच नकाशा हाताने काढायचा, पूर्ण करायचा, आणि मग ऑपरेटरकडे देऊन तो कॉम्प्युटरवर 'चढवून' घ्यायचा. जणू देवाला नारळ चढवतात. वर ऑफिसची ठळक चौकट, त्यात नाव, नावाखाली पदवी. गिऱ्हाइकाला सांगायचं, कॉम्प्युटरने काढलाय, आता यात चूक निघणार नाही. वर्षभरात पालघरमधल्या निम्म्या ऑफिसांबाहेर 'संगणकीय नकाशे मिळतील' अशा पाट्या लागल्या. नकाशे होते तेच, चुकाही होत्या त्याच, फक्त आता त्या सुबक अक्षरांत छापून यायच्या.

हरेश्वर म्हणायचा, हळूहळू कळेल. मी म्हणायचो, अरे यांना कळलंय, म्हणूनच हे असं चाललंय. एकच नकाशा ठेवला तर कोणी काय बदललं ते सगळ्यांना दिसेल. हे कुणाला हवंय?

मग डॉक्टर कुंदाताईंचं प्रसूतिगृह आलं. बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत त्या कितीतरी वर्षं बायकांची बाळंतपणं करत होत्या. वरच्या मजल्यावर भाडेकरूंचा संडास होता आणि तो गळायचा. बाळंतिणीच्या खाटेच्या वर छताला पिवळा ओघळ, त्याखाली बादली... मी तो ओघळ पाहिलेला आहे, त्याचा वासही घेतलेला आहे. त्यांनी स्वतःची जागा घेतली, तळमजल्यावर दवाखाना आणि वर स्वतःचं राहतं घर असं ठरलं. आर्किटेक्ट आमचे अध्यक्ष, ठेकेदार वीरजीभाई, सांगाड्याचं गणित माझं, आणि सगळ्यांचं एकत्र जुळवून द्यायचं काम बाईंनी आग्रहाने हरेश्वरला दिलं. पहिल्याच भेटीत त्या त्याला म्हणाल्या, "मला बाकी काही कळत नाही. माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर वरून एक थेंब पडता कामा नये. एवढा शब्द द्या." हरेश्वरने दिला. शब्द देताना तो उठून उभा राहिला होता. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्या इमारतीवर त्याने जीव ओतला. माझे बीम, प्लंबरचे पाइप, वायरी, ऑक्सिजनची नळी, सगळं त्याने त्या यंत्रात एकावर एक बसवलं. पडद्यावर नुसत्या रेघांची इमारत उभी राहायची. ती जरा फिरवून बघायची म्हटलं तर यंत्र इतका वेळ घ्यायचं की मध्ये चहा पिऊन व्हायचा. पण फिरल्यावर दिसायचं, की ऑपरेशनच्या खोलीच्या वर फक्त बाईंची बैठकीची खोली आहे आणि सांडपाण्याचा एकही पाइप त्या बाजूला फिरकत नाही. संघटनेच्या बैठकीत त्याने ते सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांनी रंगांचं कौतुक केलं. "निळा फार छान उठलाय," असं अध्यक्ष म्हणाले. निळा रंग सांडपाण्याचा होता. मग प्रत्येकाने आपापल्या फ्लॉपीवर एकेक प्रत उतरवून घेतली. हरेश्वर हात जोडून म्हणाला होता, बदल करायचा असेल तर माझ्याकडे या, इथे एकत्र करू. त्याची पाठ वळली आणि ज्याने त्याने आपल्या घरी आपला संसार मांडला. एकाच्या फ्लॉपीवर 'फायनल' लिहिलेलं होतं, दुसऱ्याच्या 'नवीन फायनल', तिसऱ्याच्या 'खरा फायनल'. अध्यक्षांना त्या सुमारास वास्तूचं वेड लागलं होतं. बाईंच्या घराचा संडास चुकीच्या दिशेला आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी तो आपल्या फ्लॉपीत उचलून समोरच्या कोपऱ्यात ठेवला. ना हरेश्वरला सांगितलं, ना मला, ना बाईंना. त्याची सुबक प्रिंट काढून वीरजीभाईंना दिली, आणि वीरजीभाईंनी ती बांधली.

मी पुढे एका दुपारी साइटवर गेलो तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत प्लंबरचा माणूस मचाणावर चढून छिन्नी मारत होता. वरच्या संडासाचा पाइप खाली आणायचा होता आणि मध्ये माझा बीम आला होता, म्हणून त्याने बीमच फोडला होता. पोटातल्या सळ्या कापून बाजूला वाकवल्या होत्या. मी ओरडलो तर म्हणाला, "साब, नक्शे में ऐसाइच है." त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याच्या नकाशात तसंच होतं. मी हरेश्वरला बोलावून आणलं. तो त्या भोकाखाली वर बघत उभा राहिला. मग बुटाच्या टोकाने जमिनीवरची खडी बाजूला सारून म्हणाला, "टेबल इथे येणार आहे."

संघटनेची बैठक बसली. तिथे जे बोललं गेलं ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. पहिली गोष्ट ठरली ती ही, की कॉम्प्युटरने गडबड केली. एकमताने ठरली. यंत्र बिचारं मखमलीखाली गप्प होतं. दुसरी गोष्ट ठरली, की खालून दुसरं खोटं छत मारून ते सगळं झाकून टाकायचं. "फोडलेलं दिसणार नाय, पाइप दिसणार नाय. बाईंना कशाला टेन्शन द्यायचं?" असं वीरजीभाई म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. हरेश्वर म्हणाला, "मी त्यांना शब्द दिलाय." अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, गळलं तर बघू ना." संडासाचं पाणी, पोट उघडून ठेवलेल्या बाईच्या अंगावर... आणि हे लोक म्हणत होते, गळलं तर बघू. सगळे शिकलेले, बालबच्चेवाले. चहा आला तेव्हा सगळ्यांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला. मी उठून बाहेर आलो.

हरेश्वर सरळ कुंदाताईंकडे गेला, मीही सोबत होतो. उद्घाटनाच्या पत्रिका टेबलावर पडलेल्या होत्या. त्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. संडास कुठे आलाय, बीम कसा फोडलाय, हे झाकायचं कसं ठरतंय, सगळं. बाईंनी विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं?" तो म्हणाला, "गळल्यावर." त्यांनी पत्रिका उचलून खणात टाकल्या आणि म्हणाल्या, "काढून टाका तो संडास." उद्घाटन पुढे गेलं. संडास मूळ जागी गेला, फोडलेल्या बीमला दोन्ही बाजूंनी लोखंड बांधून मी तो पुन्हा भक्कम केला. आज त्या खोलीत बायका बाळंत होतात. छत कोरडं आहे, मी गेलो की आधी वर बघतो.

बाईंना दिलेला शब्द राहिला, आणि हरेश्वरचं काम गेलं. बोईसरमध्ये बातमी अशी फिरली की हा माणूस कामं अडवतो, मालकाचे कान भरतो. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त बोलावणं थांबलं. त्यानंतर त्याने वाणगाव, शिरगाव, केळवे अशा गावांत लोकांची घरं केली. दोन खोल्यांच्या घरालासुद्धा तो तसाच पूर्ण नकाशा काढायचा, नळ, वायरी, सगळं धरून. मालकाला तो देऊन सांगायचा, गादीखाली ठेव, पण फाडू नकोस. मला त्याचाही राग यायचा, लपवत नाही. कारण त्या सगळ्यानंतरही तो संघटनेच्या प्रत्येक बैठकीला जायचा. काखेत गुंडाळी, प्रत्येकासाठी एकेक प्रिंट. ज्यांनी याला वाळीत टाकलं त्यांच्यापुढे हा नकाशा पसरायचा आणि ते त्यावर भज्यांची बशी ठेवायचे. तेलाचा डाग पडलेली प्रिंट तो नीट गुंडाळून घरी आणायचा. एकदा मी चिडून विचारलं, "तुला शिसारी कशी येत नाही? कशाला जातोस?" तो स्कूटरच्या मागच्या सीटवर होता, त्याचा चेहरा मला दिसला नाही. म्हणाला, "एकदा तरी सगळे मिळून वाकून बघतील रे. एकदा बघितलं की सवय लागते." पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला. असं करता करता एका सकाळी वाडीला पाणी लावताना बांधावर बसला तो उठलाच नाही.

शोकसभा झाली. मागे फलक होता, 'तालुक्यातील संगणकयुगाचे शिल्पकार'. तो फलक कॉम्प्युटरवर काढलेला होता. अध्यक्षांनी प्रसूतिगृहाचं उदाहरण दिलं. "आम्ही सर्वांनी हरेश्वररावांच्या मार्गदर्शनाखाली ती इमारत एका नकाशावर उभी केली," असं ते म्हणाले आणि त्यांचा गळा दाटून आला. खरंच दाटून आला होता, मी पहिल्या रांगेत बसून बघत होतो. याहून ओंगळ दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी जागेवरूनच नमस्कार केला.

त्यानंतरच्या रविवारी संघटनेची मंडळी हरेश्वरचा मोठा केलेला, चौकटीतला फोटो घेऊन माहीमला त्याच्या घरी गेली. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला यायला सांगितलं होतं म्हणून मी गेलो. वडिलांच्या पश्चात जुनं घर उतरवून त्याने बांधलेलं घर ते. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर रुंद रिकामी भिंत आहे. अध्यक्ष म्हणाले, इथेच. वीरजीभाईंनी खिळा आणि हातोडी आणलेलीच होती. वहिनी आतून म्हणाल्या, "थांबा जरा." आणि एक गुंडाळी घेऊन बाहेर आल्या. "खिळा मारायच्या आदी नकाशा बगायचा, आमच्या घरात तशी रीत हाय. तुमी बगा, मला त्यातलं समजत नाय."

त्यांनी तो टीपॉयवर पसरला. आणि मग... अध्यक्ष वाकले. वीरजीभाई वाकले. त्यांच्यासोबत आलेले वायरिंगवाले, प्लंबिंगवाले, सगळे गोल करून वाकले. कुणाचा चष्मा खाली आला, कुणी बोटाने रेघ पकडली. "हा बघा गच्चीवरच्या टाकीचा पाइप, इथून खाली येतोय." "नाही नाही, ती वायर आहे, पाइप हा." "मग पंख्याचं बटण कुठून?" कुणी आवाज चढवत नव्हतं. एक जण दुसऱ्याला जागा करून देत होता. मी दाराशी उभा राहून बघत होतो. इतकी वर्षं तो माणूस काखेत गुंडाळी घेऊन यांच्या दारात गेला. हे सगळे एका नकाशावर वाकले, ते त्याच्या फोटोच्या खिळ्यासाठी. मला रडू आलं आणि त्या रडण्यातही रागच जास्त होता.

निष्कर्ष असा निघाला की भिंतीच्या बरोबर मधून टाकीचा पाइप उतरतो, आणि खिळ्याला मोकळी जागा आहे ती पार डावीकडे, दाराच्या चौकटीजवळ. सगळ्यांना पटलं. माना हलल्या. अध्यक्षांनी नकाशा गुंडाळला, दोन पावलं मागे जाऊन भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "पण कोपऱ्यात बरं दिसणार नाही. मध्यावरच घेऊ. एवढासा खिळा, पाइपापर्यंत काय पोचतोय?" वीरजीभाई सोफ्यावर चढलेसुद्धा.

सुमनवहिनी पुढे झाल्या आणि त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली. मला हाक मारली. मी दाराशेजारी खिळा मारला आणि फोटो लावला.

परवा गेलो होतो. फोटो तिथेच आहे, दाराला लागून, अंमळ उंचावर. सोफ्यावरची रुंद भिंत रिकामी आहे. येणाराजाणारा प्रत्येक जण म्हणतो, एवढी जागा असताना फोटो असा कोपऱ्यात का? वहिनी चहा देता देता सांगतात, "मधे पाणी हाय."